खडूमिस्त्रींच्या रेघा

आमच्या व्याह्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी दिसलं नाही. तिथे खडू असतो. पांढरा, शाळेत फळ्यावर लिहितात तसला. त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट त्या एका जागी पांढुरके झालेत. माझी लेक म्हणजे त्यांची सून. पहिली दोन वर्षं ती कपडे धुताना वैतागायची, मग तिने नाद सोडला. सगळे त्यांना खडूमिस्त्रीच म्हणतात. मोठ्या गाड्या दुरुस्त करतात. बोलणं इतकं कमी की आपण चार वाक्यं बोलावीत तेव्हा पलीकडून एक "हं" येतो, आणि तोही मोजून दिल्यासारखा.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पाना कशाला म्हणतात आणि पक्कड कशाला, हे मला लग्नानंतर कळलं, कारण आमचे हे ट्रक ड्रायव्हर. त्यामुळे लेकीचं लग्न मिस्त्रींच्या घरात ठरलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं, दोघा व्याह्यांना बोलायला विषय तरी आहे.

विषय निघाला तो लग्नातच. लेक सासरी निघाली होती. मी रडत होते, लेक रडत होती, तिचं सामान न्यायला ह्यांनी आपली गाडी धुऊनपुसून आणली होती. ह्यांनी इंजिन सुरू केलं.  तेवढ्यात नवे व्याही पुढे आले. सगळ्यांना वाटलं, आता धीराचे दोन शब्द बोलणार. त्यांनी मान तिरकी करून इंजिनाकडे कान लावला आणि म्हणाले, "पाण्याचा पंप जातोय. तीन दिवस चालेल."

हे असे लाल झाले! "लेक निघालीय आणि हा माणूस माझ्या गाडीला नावं ठेवतोय!"

पंप तिसऱ्या दिवशी गेला. तेच तर ह्यांना लागलं. मिस्त्री चुकले असते तर ह्यांनी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. त्यानंतर सात वर्षं आमची गाडी चहूकडच्या गॅरेजांत जाऊन आली, व्याह्यांच्या गॅरेजात तेवढी गेली नाही. बोलायची वेळ आलीच तर हे त्यांना "मिस्त्री" म्हणायचे. व्याही म्हणून हाक कधी मारली नाही.

हे काचेच्या गोदामावर कामाला. गाडी मालकांची, पण तिची सगळी देखभाल ह्यांच्याकडेच. दुकानांच्या, घरांच्या मोठाल्या काचा लाकडी चौकटीत उभ्या आवळायच्या आणि जिथल्या तिथे पोचवायच्या. बावीस वर्षं हेच काम. एवढ्या वर्षांत फुटलेल्या काचा एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात, आणि त्यातली एक खुद्द मालकीणबाईंनी छत्रीने फोडलेली.

त्या वर्षी ह्यांचा उजवा खांदा धरायला लागला. पाण्याची कळशी उचलताना तोंड वाकडं व्हायचं. मला वाटलं, वय झालं. मग एक दिवस जेवताना बघितलं, ताटाच्या कडेला धरलेला हात हळूच डावीकडे जातोय, हळूच उजवीकडे येतोय.

"अहो, ताट कुठे चाललंय?" मी विचारलं.

"कुठे काय," म्हणाले आणि हात मांडीखाली घातला.

पण हात तिथेही स्वस्थ नव्हता. शेवटी दोन दिवसांनी आपणहून सांगितलं. "गाडी सरळ चालत नाही गं. स्टेअरिंग फिरवतो, तर बोटभर काहीच होत नाही. मग एकदम ऐकते आणि हवं त्याहून जास्त जाते. परत आणावी लागते. सरळ रस्ता असला तरी दिवसभर हेच, आठ महिने झाले."

"म्हणजे नवऱ्यासारखीच," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. तेव्हा मला कळलं, प्रकरण साधं नाही.

दोन गॅरेजं करून झाली होती. दोन्हीकडे एकच तऱ्हा. पुढचा भाग जॅकवर उचलायचा, लोंबकळणारी चाकं धरून गदागदा हलवायची, आणि सांगायचं, सगळं घट्ट आहे. एकाने टायरांत हवा भरली, चाकं सरळ करून दिली. दुसऱ्याने हात पुसता पुसता विचारलं, "काका, वय काय तुमचं?" त्या दिवशी हे घरी आले ते चहासुद्धा न घेता पडून राहिले.

त्याच आठवड्यात पलंगाखाली केर काढताना माझ्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. उघडून बघते तर नवाकोरा पाना! नवऱ्याने पलंगाखाली लपवलेल्या वस्तूंच्या गोष्टी मी शेजारणींकडून पुष्कळ ऐकल्यात, पण त्यांत पाना कधी नव्हता. मी तो होता तसा गुंडाळून ठेवला आणि तोंड बंद ठेवलं. बाईमाणसाने काही गोष्टी योग्य वेळेसाठी राखून ठेवाव्यात.

मग व्हायचं ते झालंच. मालकांचा भाचा नुकताच कामावर लागला होता. एकदा तो छोट्या गाडीतून ह्यांच्या मागून आला आणि त्याने मालकांना जाऊन सांगितलं, "मामा, काकांची गाडी रस्ताभर झोके खाते. डुलक्या घेतात ते." मालक तसे सज्जन. त्यांनी ह्यांना बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "येत्या सोमवारी मी तुमच्या शेजारी बसतो. कालव्याच्या पुलापर्यंत जाऊ आणि परत येऊ. गाडी सरळ चालली तर बोलायचं कामच नाही. नाही चालली, तर किल्ली भाच्याला द्या आणि तुम्ही गोदामाच्या फाटकावर बसा. सावलीचं काम आहे."

सावलीचं काम! हे घरी येऊन खिडकीशी बसले. मी जवळ गेले तर स्वतःच्या हातांकडे बघत होते, उलटे करून, सुलटे करून, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"खरंच मला डुलकी लागत असेल का गं? आपलं आपल्याला कळत नाही म्हणतात."

सदतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी स्वतःबद्दल अशी शंका काढल्याचं मी ऐकलं नव्हतं.  गुरुवार होता तो. मी लेकीला फोन केला, लेकीने सासऱ्यांना सांगितलं, आणि पलीकडून निरोप आला, "हं. शनिवारी आणा."

आता ह्यांना न्यायचं कसं? शनिवारी सकाळी मी म्हटलं, "अहो, माझा चष्मा लेकीकडे राहिलाय. गाडीनेच जाऊन येऊ. चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही."

ह्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि किल्ली उचलली. निम्म्या वाटेत माझ्या लक्षात आलं की चष्मा माझ्या नाकावरच आहे. पण म्हणजे, ह्यांनाही जायचंच होतं.

मिस्त्रींचं गॅरेज घराला लागूनच आहे. वर पत्रा, मधोमध उभं राहून काम करता येईल एवढा लांबोडा खड्डा, आणि एका भिंतीवर प्रत्येक पान्याचं, हातोडीचं खडूने काढलेलं चित्र. ज्याची त्याची जागा ठरलेली. एखादं हत्यार जाग्यावर नसलं की त्याचं नुसतं चित्र दिसतं.

मिस्त्री बाहेर आले. ह्यांनी "मिस्त्री" म्हणून मान हलवली. त्यांनी "व्याहीबुवा" म्हणून मान हलवली. झाली भेट! लेक दारातून माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती.

"गाडी रिकामी असताना जास्त भटकते की भरलेली असताना?" मिस्त्रींनी विचारलं.

"भरलेली असताना."

"वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होतं का?"

"आधी व्हायचं. दोन-तीन महिने झाले, तिथेच राहतं. मला परत फिरवावं लागतं."

"हं," मिस्त्री म्हणाले, पण हा "हं" जरा लांब होता.

ह्यांनी जॅक उतरवायला घेतला. मिस्त्रींनी हात आडवा केला. "उचलायची नाही. उचलली की ती साधीभोळी होते. वजनावर उभी असली की खोड्या काढते." गाडी तशीच खड्ड्यावर घेतली, हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडं लावली. मिस्त्री खड्ड्यात उतरले. खालून खडूचा कुरकुर आवाज यायला लागला. स्टेअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत जेवढे म्हणून सांधे आहेत, त्या प्रत्येकावर ते आडवी रेघ मारत होते. अर्धी रेघ सांध्याच्या या बाजूला, अर्धी त्या बाजूला. सांधा घट्ट असला तर रेघ अखंड राहते. सैल असला तर हलताना तुटते. डोळ्यांना जे दिसत नाही ते रेघ दाखवते, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यासाठी तो खडू.

रेघा झाल्यावर हे वर चढायला निघाले. "मी फिरवतो स्टेअरिंग."

"तुम्ही नको," खालून आवाज आला.

"का?"

"तुमचे हात खोटं बोलतात."

झालं! ह्यांच्या नाकपुड्या फुगल्या. मला वाटलं, आता किल्ली घेऊन निघतात की काय. तेवढ्यात मिस्त्री खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाले, "कच्चा ड्रायव्हर असता तर बसवला असता. तुमच्यासारख्याचे हात सैल जागा आपोआप भरून काढतात. तुम्हाला कळतही नाही. मग मला खाली काय दिसणार? ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, असं माणूस पाहिजे."

सगळ्यांनी लेकीकडे बघितलं. पण ती स्कूटर चालवते, म्हणून ती बाद. जावई कामावर. मग मिस्त्रींची नजर माझ्यावर आली.

"विहीणबाई, तुम्ही कधी काही चालवलंय?"

"संसार," मी म्हटलं.

"तो धरायचा नाही. चढा वर."

त्या ट्रकात मी शेजारच्या सीटवर कितीदा बसले असेन, पण ह्यांच्या जागेवर जन्मात बसले नव्हते. लेकीने खालून ढकललं, ह्यांनी वरून ओढलं, आणि गुडघ्यांना न जुमानता मी एकदाची चढले. स्टेअरिंगला गुंडाळलेली दोरी मीच कधीतरी विणून दिली होती. दोन जागी ती घासून काळी गुळगुळीत झाली होती. तिथे मी हात ठेवले. ह्यांच्या हातांची जागा. 

"घड्याळ कळतं ना?" खालून मिस्त्री.

"चौथी झालीय माझी!"

"मग अकरापासून एकपर्यंत. तेवढंच. हळू. थांबा म्हटलं की थांबा. व्याहीबुवा, तुम्ही खाली या. बघायला दोन डोळे जास्त."

हे मला किल्ली कशी फिरवायची ते दाखवून, इंजिन चालू करून खड्ड्यात उतरले. मी अकरावर नेलं, एकवर आणलं. मला पुढची काच आणि भिंतीवरची पान्यांची चित्रं, एवढंच दिसत होतं. बाकी सगळं मी ऐकलं ते खालून.

"ही रेघ बघा. हा सांधा. हलतोय?"

"थोडासा."

"म्हातारा झालाय, बदलू. पण गुन्हेगार हा नाही. विहीणबाई, पुन्हा. ही?"

"नाही हलत."

"ही?"

"नाही."

असं करत ते एकेक सांधा पुढे सरकत होते. मध्येच मिस्त्री थांबले. "स्टेअरिंगच्या पेटीवरचा हा स्क्रू कोणी आवळला?"

खाली कोणीतरी खाकरलं.

"कुठल्या तरी गॅरेजवाल्याने असेल," हे म्हणाले.

"असेल. एकदम नाही आवळलेला. पाव फेरा, मग पाव फेरा, मग पाव फेरा. दर वेळी पाना कोपऱ्यावरून घसरलाय. चकाकी ताजी आहे." मिस्त्री जरा थांबले. "सैल वाटतं म्हणून आवळतात माणसं. पण जास्त आवळला की पेटी अवघडते, स्टेअरिंग जागच्या जागी अडकून राहतं, आणि गाडी आणखीच भटकते. ज्याने केलं त्याने गाडीच्या काळजीनेच केलं असणार."

"असणार," ह्यांचा आवाज बारीक.

मी वर बसून माझ्या जुन्या टॉवेलाचा विचार करत होते. स्टेअरिंग अकरावर तसंच धरून ठेवलं होतं.

सगळ्या रेघा बघून झाल्या. पेटी चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला घट्ट, तिथली रेघ अखंड. बाकीच्या अखंड. तो एक म्हातारा सांधा सोडला तर सगळं जिथल्या तिथे. मिस्त्रींनी दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. माझे दंड भरून आले. शेवटी इंजिन बंद करायला सांगितलं.

मग हे बोलले. "म्हणजे माझ्यातच आहे."

इतक्या हळू बोलले की इंजिन चालू असतं तर मला ऐकू आलं नसतं.

 मिस्त्री खड्ड्यातून वर आले, गाडीच्या पुढे उभे राहिले आणि माझ्याकडे बघत बसले. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे. मग म्हणाले, "विहीणबाई, तुम्हाला काय वाटलं हातांना? फिरवताना?"

आता मला काय कळतंय? पण विचारलं म्हणून सांगितलं. "उजवीकडे नेताना एका ठिकाणी ते मऊ लागतं. कणीक फार सैल भिजली की बोट आत जातं ना, तसं."

"डावीकडे?"

"डावीकडे नाही."

मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. ते परत खाली उतरले. या वेळी त्यांनी रॉकेलचं फडकं मागून घेतलं. स्टेअरिंगची पेटी जिथे चासीवर बसवलेली असते, तिथलं बोट बोट जाडीचं ग्रीस आणि धूळ पुसून काढली, आणि खडूने एक लांबलचक रेघ मारली. सांध्यावर नाही. चासीच्या सरळ लोखंडावर, पेटीच्या पुढून मागपर्यंत.

"चासीला कुठे सांधा असतो?" हे म्हणाले.

"नसतो. म्हणून मीही तिथे रेघ मारली नाही. गाढवपणा केला." गाढवपणा हा शब्द त्यांनी अगदी शांतपणे, एखादा स्क्रू बाजूला ठेवावा तसा उच्चारला. "विहीणबाई, इंजिन. उजवीकडे. हळू."

मी फिरवलं. ती मऊ जागा आली.

"थांबा!"

दोघं एकदम ओरडले. दोन्ही व्याही पहिल्यांदाच एका सुरात काही बोलले असतील.

रेघ मधोमध तुटली होती. केसाएवढी. चासीच्या पोलादाला तडा गेला होता आणि तो ग्रीसखाली लपला होता. गाडी वजनावर उभी असताना उजवीकडे वळवलं की तडा उघडायचा. पेटी आणि तिच्याभोवतीचं लोखंड एकत्रच हलायचं, म्हणून सांध्यावरची रेघ अखंड. जॅकवर उचलली की चाकं मोकळी, जोर कशावरच नाही, तडा मिटलेला.

हे खड्ड्यातून वर आले ते चेहऱ्यावर ग्रीसचा पट्टा घेऊन. मला म्हणाले, "आहे गं. तडा आहे!" दुसऱ्या कुणी एवढ्या आनंदाने आपली गाडी फुटल्याचं सांगितलं नसेल.

त्या दिवशी आणि रविवारी दुपारपर्यंत काम चाललं. तडा जिथे संपतो तिथे मिस्त्रींनी बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे धावत नाही म्हणे. मग वेल्डिंग, वर जाड पट्टी. म्हातारा सांधा बदलला, आवळलेला स्क्रू परत हवा तेवढा ढिला केला. हे मदतीला होतेच.

शनिवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा मेजावर एक लोखंडी गोळा दिसला. एका बाजूने खाल्लेल्या पेरूसारखा झिजलेला. लेक त्याने आक्रोड फोडते. ह्यांनी तो उचलून बघितला.

"हा स्टेअरिंगच्या सांध्यातला गोळा आहे. इतका झिजलेला?"

"माझ्या गाडीचा," मिस्त्री म्हणाले.

"तुमची कुठली गाडी?"

"मी ड्रायव्हर होतो. दोन वर्षं."

लेकसुद्धा बघत राहिली. सात वर्षं त्या घरात राहून तिला हे माहीत नव्हतं. पाणी पिऊन मिस्त्रींनी त्यांच्या मानाने भलंमोठं भाषण केलं. "गाडी सरळ जायची नाही. सगळे म्हणाले, याला हातच नाहीत. मलाही पटलं. मालकाने काढलं तेव्हा मी भांडलोसुद्धा नाही. मग गॅरेजात लागलो. सहा वर्षांनी तीच गाडी तिथे आली, चौथ्या ड्रायव्हरला काढून. मी खाली झोपून बघितलं, तर हा." त्यांनी गोळा जाग्यावर ठेवला. "आमटी वाढ गं थोडी."

म्हणून त्या माणसाला लग्नातही गाडीचाच आवाज ऐकू आला होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ताटाकडे बघत होते आणि हात अगदी स्थिर होता.

रविवारी संध्याकाळी उन्हं उतरली तशी गाडी बाहेर काढली. खाणीकडे जाणारा रस्ता सरळसोट आहे, सुट्टीच्या दिवशी चिटपाखरू नसतं. हे स्टेअरिंगवर, मध्ये मी, खिडकीशी मिस्त्री. गाडी निघाली आणि थोड्याच वेळात डावीकडे झुकली. मग उजवीकडे. मग डावीकडे.

 ह्यांच्या कपाळावर घाम. "अजून आहे. मिस्त्री, अजून आहे!"

मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. "गाडीत नाही. तुमचे हात आठ महिन्यांची सवय सोडत नाहीत. सैल नाही तिथेही भरून काढताहेत. दोन बोटांनी धरा."

ह्यांनी दोन बोटांनी धरलं. दोन बोटंही तेच करायला लागली. रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. चार फेऱ्या झाल्या. जितकं लक्ष देऊन हात आवरायला जावं, तितके ते वळवळायचे. उद्या सकाळी शेजारी मालक बसणार. 

पाचव्या फेरीला मिस्त्री एकदम म्हणाले, "व्याहीबुवा, तो पाण्याचा पंप."

"कुठला पंप?"

"लग्नातला. मी त्या वेळी बोलायला नको होतं. पोरगी रडत होती."

बस्स! बांधच फुटला. "नको होतं म्हणजे? अहो, सात वर्षांनी सांगताय? माझी एकुलती एक लेक निघालीय, पन्नास माणसं उभी आहेत, आणि तुम्ही तीन दिवस म्हणता! अन् तो मेला पंप नेमका तिसऱ्या दिवशी गेला! चौथ्या दिवशी गेला असता तर काही बिघडलं असतं? ही साक्षीला आहे, विचारा हिला, मी दोन रात्री झोपलो नाही..." सात वर्षांचं साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडत होतं. कुठल्या गॅरेजवाल्याने काय फसवलं, कोणी कुठला नट विसरला, तेही त्यात आलं. मिस्त्री मध्ये मध्ये "हं" म्हणत होते. मी बोलण्यात नव्हते, त्यामुळे माझं लक्ष समोर होतं.

रस्ता आमच्या पोटाखालून दोरी ओढावी तसा सरळ जात होता. ह्यांची दोन बोटं स्टेअरिंगवर नुसती टेकलेली.

मी मिस्त्रींना कोपराने ढोसलं. त्यांनी फक्त मान हलवली. रस्ता संपेपर्यंत आम्ही दोघांनी ह्यांना बोलू दिलं.

टोकाला गाडी थांबली तेव्हा ह्यांच्याही ध्यानात आलं. हातांकडे बघितलं, मागच्या रस्त्याकडे बघितलं. मिस्त्री दार उघडून उतरता उतरता म्हणाले, "आठ महिने तुटकी चासी घेऊन काचा पोचवल्यात. एक फुटली नाही. माझ्यासारखा असता तर पहिल्या आठवड्यात चरात गेला असता."

आयुष्यात त्यांनी कोणाचं केलेलं कौतुक मी ऐकलंय ते एवढंच. आणि पंपाचं बोलले ते मनापासून की औषध म्हणून, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. दोन्ही असेल.

सोमवारी मी दारातच बसून होते. अकराच्या सुमाराला गाडी आली, हे उतरले, आणि चेहरा असा काही विचित्र की मला वाटलं, गेली किल्ली.

"काय झालं? सांगा ना!"

"मालक झोपले."

"म्हणजे?"

"निघाल्यावर जरा वेळ समोर बघत होते. मग भाच्याच्या लग्नाचं सांगायला लागले. मग एकदम आवाज बंद. बघतो तर तोंड उघडं टाकून घोरताहेत. पुलावर मी उठवलं, तर म्हणतात, आलो पण? चला परत. परत येतानाही झोपले." ह्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर हलवली. "गोदामापाशी उतरले आणि भाच्याला म्हणाले, तुझ्या गाडीत मला कधी डोळा लागला नाही, तू आधी चालवायला शीक."

मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली.

संध्याकाळी हे म्हणाले, "मी जरा व्याह्यांकडे जाऊन येतो." व्याह्यांकडे!  ह्यांनी पलंगाखाली वाकून ते टॉवेलाचं गाठोडं काढलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "टॉवेल परत आणा, चांगला आहे."

लेकीने मला नंतर सांगितलं. ह्यांनी तो पाना मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्रींनी तो कुठला, कोणाचा, एका शब्दाने विचारलं नाही. भिंतीवर मोकळी जागा बघितली, पाना तिथे टेकवला आणि खिशातून खडू काढून त्याच्याभोवती रेघ ओढली.

आता एखादी भटकणारी गाडी आली की लेकीचा फोन येतो, "आई, मामंजी बोलावताहेत." मी जाते, वर चढते, अकरापासून एकपर्यंत फिरवते. ड्रायव्हर लोक खाली उभे राहून बघतात, मला बरं वाटतं. मागे एकदा मी ह्यांना म्हटलं, एवढी सवय झालीच आहे तर मला गाडी चालवायलाच शिकवा की. हे तयारही झाले. पण ते ऐकून मिस्त्री खड्ड्यातून घाईघाईने वर आले.

"शिकू नका, विहीणबाई," म्हणाले. "कामातून जाल."